बिलातली दहा टक्क्यांची ओळ

चार जणांचं जेवण, पदार्थांची बेरीज ४,००० रुपये. तिच्याखाली 'सर्व्हिस चार्ज १० टक्के' म्हणून ४०० रुपये. मग सीजीएसटी अडीच टक्के, एसजीएसटी अडीच टक्के. पण हे पाच टक्के ४,००० वर नव्हे, ४,४०० वर लावलेले, म्हणजे २२० रुपये. एकूण ४,६२०. मधली ती ओळ नसती तर हेच बिल ४,२०० वर थांबलं असतं. ४२० रुपये जास्त गेले. त्यातले २० सरकारजमा झाले आणि ४०० हॉटेलच्या खात्यात. असं बिल भरणाऱ्या अनेकांची वर्षानुवर्षं समजूत मात्र अशी, की बेरजेखाली टक्के लिहिलेल्या जेवढ्या ओळी असतात तेवढ्या सगळ्या सरकारच्या.

या ४०० रुपयांवरून केंद्र सरकार आणि रेस्टॉरंटमालकांच्या संघटना यांच्यात २०१७ पासून वाद पेटला. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि २८ मार्च २०२५ ला त्याचा निकाल लागला: सर्व्हिस चार्जची सक्ती करता येणार नाही. निकाल मला मनापासून पटतो. तरीही सगळं प्रकरण सुरुवातीपासून वाचताना एक गोष्ट सतत खुपत राहते. ज्यांच्या नावाने हे पैसे गोळा होत होते, ते वेटर, हेल्पर, आत तंदूरवर उभे असणारे आणि मागे भांडी घासणारे, त्यांचा हिस्सा किती आणि तो त्यांना मिळतो की नाही, या प्रश्नाचा निकाल अजून लागायचाच आहे.

ओळ आली कुठून

आपल्याकडे टीप देण्याचा रिवाज जागेप्रमाणे बदलतो. खानावळीत कुणी टीप ठेवत नाही, मासिक मेंबर तर नाहीच नाही. फार तर दिवाळीला वाढप्याच्या हातावर काही ठेवलं जातं. उडुपी हॉटेलात बडीशेपेच्या बशीत उरलेले सुट्टे पैसे राहतात. परमिट रूममध्ये, ओळखीचा वेटर असेल तर, हात सैल सुटतो. पण या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे: देणारा स्वतः ठरवतो आणि जो समोर वावरला त्यालाच देतो.

मोठ्या हॉटेलांतला सर्व्हिस चार्ज निघाला तो याच दुसऱ्या गोष्टीतून. टीप समोरच्याला मिळते. आत बारा तास भट्टीपुढे घामाघूम होणाऱ्याला मिळत नाही. मग बिलातच ठरावीक टक्के लावावेत, ते एकत्र जमा व्हावेत आणि सगळ्या कर्मचाऱ्यांत वाटले जावेत, हा त्यामागचा विचार. ऐंशीहून अधिक वर्षांची ही प्रथा आहे, असं मालकांच्या संघटनांनी न्यायालयात सांगितलं. विचार म्हणून यात वाईट काहीच नाही, उलट न्याय्य आहे. घोडं पेंड खातं ते पुढे: वाटप खरंच होतं का, हे बाहेर कुणाला दिसत नाही.

गोंधळाला हातभार लावला तो करांनी. जीएसटी येण्याआधी, म्हणजे १ जुलै २०१७ पर्यंत, वातानुकूलित रेस्टॉरंटच्या बिलात सर्व्हिस टॅक्स असायचा. शेवटच्या काळात उपकरांसह तो १५ टक्के होता, पण बिलाच्या ४० टक्के रकमेवरच लागायचा, म्हणजे प्रत्यक्षात ६ टक्के. त्याच्या शेजारी व्हॅट आणि त्याच्याही शेजारी सर्व्हिस चार्ज. एक ओळ केंद्राची, एक राज्याची, एक मालकाची, आणि तिन्ही एकाच छपाईत, एकाच अक्षरात. कुटुंबाला घेऊन जेवायला आलेला माणूस त्या वेळी कर कोणता आणि चार्ज कोणता याचा हिशोब मांडत बसत नाही. पुढे सर्व्हिस टॅक्स गेला, सर्व्हिस चार्ज राहिला आणि त्याच्याबरोबर लोकांचा गैरसमजही.

दात नसलेला पहिला आदेश

२१ एप्रिल २०१७ ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मार्गदर्शक सूचना काढल्या. रामविलास पासवान तेव्हा या खात्याचे मंत्री होते. सूचनांमधला युक्तिवाद सरळ होता. मेनूकार्डवरची किंमत पाहून ग्राहक ऑर्डर देतो, तेव्हा तो ती किंमत आणि तिच्यावरचा कर देण्याला तयार होतो. त्या किमतीत पदार्थही आला आणि तो टेबलापर्यंत आणून देणंही आलं. त्यापलीकडे त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय काही घेणं ही अनुचित व्यापार प्रथा. सर्व्हिस चार्जची जागा बिलात कोरी ठेवावी, वाटलं तर ग्राहक भरेल.

कोरी जागा कुठे दिसली नाही. सूचना होत्या १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या काळातल्या. मोडल्या तर विभागाने स्वतः जाऊन दंड करावा, अशी यंत्रणा त्या कायद्यात नव्हती. ग्राहकाने ४०० रुपयांसाठी जिल्हा मंचात जायचं, तारखा घ्यायच्या. कोण जाणार? ज्या महाराष्ट्रात १९७० च्या दशकात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, जिथे ग्राहक चळवळीचा एवढा जुना वारसा आहे, तिथेही लोक टेबलावर वाद नको म्हणून मुकाट्याने पैसे देऊन उठत होते. सोबत पाहुणे असतात, मुलं पेंगुळलेली असतात, मॅनेजरला बोलावून आवाज चढवायची कुणाची तयारी नसते. बिलात आपोआप लावलेली रक्कम नेमकी या संकोचावर वसूल होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि परिस्थिती बदलली. त्यातून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उभं राहिलं. ग्राहकांच्या एका मोठ्या गटाचं नुकसान होत असेल तर कुणा एकाच्या खटल्याची वाट न पाहता स्वतःहून कारवाई करण्याचा अधिकार या प्राधिकरणाला आहे. १ एप्रिल २०२१ ते २० जून २०२२ या काळात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सर्व्हिस चार्जच्या ५३७ तक्रारी नोंदल्या गेल्या. तक्रारींचा सूर एकच: काढा म्हटलं तरी काढत नाहीत, वर चारचौघांत अपमान करतात.

४ जुलै २०२२ ला प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही. नाव बदलूनही लावायचा नाही. ग्राहकावर जबरदस्ती करायची नाही. तो ऐच्छिक आहे हे त्याला स्पष्ट सांगायचं. देणार नसाल तर आत येऊ नका, असं म्हणायचं नाही. आणि जेवणाच्या रकमेत मिसळून त्या एकूण रकमेवर जीएसटी लावायचा नाही. वरच्या ४२० रुपयांतले ते २० रुपये या शेवटच्या कलमातले.

यानंतरच्या चारच दिवसांत, ५ ते ८ जुलै दरम्यान, हेल्पलाइनवर ८५ तक्रारी आल्या. सर्वाधिक नवी दिल्लीतून, १८. मग बेंगळुरू १५, मुंबई ११ आणि पुणे ४. आकडे लहान आहेत, पण पहिल्या पाच शहरांत आपली दोन.

न्यायालयात

नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडिया आणि हॉटेल-रेस्टॉरंटांचा महासंघ, म्हणजे एनआरएआय आणि एफएचआरएआय, दोघेही दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २० जुलै २०२२ ला न्यायमूर्ती यशवंत वर्मा यांनी तत्त्वांमधल्या मुख्य परिच्छेदाला स्थगिती दिली. अटी दोन: सर्व्हिस चार्ज घेतला जाईल हे मेनूवर आणि इतरत्र ठळक दिसलं पाहिजे, आणि पार्सलवर तो लावायचा नाही. द्यायचा नसेल तर त्या रेस्टॉरंटात जाऊ नका, हा निवडीचा प्रश्न आहे, असंही सुनावणीत म्हटलं गेलं.

प्राधिकरणाने अपील केलं. ऑगस्टमध्ये मुख्य न्यायमूर्ती सतीश चंद्र शर्मा यांच्या खंडपीठापुढे वारं उलटं वाहिलं. सामान्य माणसाला हा चार्ज सरकारी वाटतो, कर्मचाऱ्यांना जास्त द्यायचं तर त्यांचे पगार वाढवा आणि पदार्थांचे दर वाढवा, असं न्यायालयाने संघटनांना ऐकवलं. पण प्रकरण पुन्हा एकलपीठाकडे गेलं आणि स्थगिती चालू राहिली.

मधल्या काळात जे झालं त्याचा मला खरा राग आहे. काही ठिकाणी स्थगितीचा आदेशच ग्राहकाच्या पुढ्यात धरला जाऊ लागला: बघा, कोर्टाने मान्य केलंय. स्थगिती म्हणजे मान्यता नव्हे, हे टेबलावरच्या माणसाला कसं कळणार? अखेर १२ एप्रिल २०२३ ला न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांना आदेश द्यावा लागला, की सर्व्हिस चार्जला न्यायालयाची मंजुरी आहे असा समज होईल अशा रीतीने स्थगितीचा आदेश फलकावर किंवा मेनूवर लावू नये. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला महासंघाच्या सदस्यांसाठी अंतरिम सोय म्हणून 'कर्मचारी योगदान' असं नाव ठरलं, कमाल १० टक्के, आणि हे दिल्यावर वेगळी टीप देण्याची गरज नाही असं मेनूवर ठळक छापण्याची अट.

२८ मार्च २०२५ चा निकाल न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांचाच. याचिका फेटाळल्या, दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये खर्च भरायला लावला आणि ती रक्कम ग्राहककल्याणासाठी प्राधिकरणाकडे जमा करायला सांगितलं. सक्तीचा सर्व्हिस चार्ज सार्वजनिक हिताविरुद्ध आहे, ग्राहकाला तो आणि त्यावरचा जीएसटी असा दुहेरी भुर्दंड बसतो, आणि प्राधिकरणाची तत्त्वं म्हणजे नुसता सल्ला नव्हे, ती पाळावीच लागतील, असं न्यायालयाने ठरवलं. मालकांचा मुख्य मुद्दा होता व्यवसायाच्या स्वातंत्र्याचा: किंमत कशी मांडायची हे आम्ही ठरवू. त्यावर उत्तर असं, की किंमत हवी तेवढी ठेवा, पण ती मेनूवर ठेवा. टीपेला बंदी नाही. ग्राहकाने खुशीने द्यावी, बिलात आधीच लिहून नव्हे. पुढच्याच महिन्यात प्राधिकरणाने दिल्लीतल्या पाच रेस्टॉरंटांना नोटिसा पाठवल्या.

संघटना खंडपीठाकडे गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय, जे त्याआधी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, आणि न्यायमूर्ती तुषार राव गेडेला यांच्यापुढे सुनावणी झाली. न्यायालयाने पाण्याच्या बाटलीचं उदाहरण घेतलं. २० रुपयांची बाटली तुम्ही १०० रुपयांना देता, त्या वरच्या ८० मध्ये सेवा, बैठक, वातावरण सगळं आलं ना? मग सर्व्हिस चार्ज वेगळा कशाला? हा प्रश्न वरवर साधा दिसतो, पण तो संघटनांच्या स्वतःच्या युक्तिवादावर बोट ठेवतो. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलांना छापील किमतीपेक्षा जास्त दराने पाणी विकण्याची मोकळीक दिली, ती याच आधारावर, की हॉटेलात ग्राहक नुसती बाटली विकत घेत नाही, तिथे बसण्याचा आणि सेवेचा आनंदही घेतो. एकदा सेवेची किंमत बाटलीत धरली, तर तीच बिलाच्या तळाशी पुन्हा कशी धरता येईल?

४०० रुपये कुणाचे

या सगळ्या घडामोडींत जो मुद्दा बाजूला पडला तो कळायला २०१६ चा एक जुना निकाल उपयोगी पडतो, आणि तो ग्राहक कायद्याचा नाही, आयकराचा आहे. ग्राहक कार्डने बिल भरताना त्यातच टीप देतो, ती आधी हॉटेलच्या खात्यात जाते आणि मग कर्मचाऱ्यांना वाटली जाते. हा पगार समजून मालकाने त्यावर टीडीएस कापायचा का? आयटीसीच्या हॉटेलांच्या प्रकरणात २६ एप्रिल २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: नाही. ही रक्कम ग्राहकाने कर्मचाऱ्याला दिलेली आहे, मालक ती फक्त विश्वस्त म्हणून पोचवतो. पगार नाही, म्हणून पगाराचा टीडीएसही नाही.

सर्व्हिस चार्जचं तसं नाही. तो हॉटेलच्या बिलाचा भाग, त्यावर जीएसटी लागतो, तो हॉटेलच्या उत्पन्नात धरला जातो. मालकाने वाटला तर वाटला. म्हणजे आपण टीप म्हणून २०० रुपये दिले तर ते पहिल्या क्षणापासून वेटरचे असतात. सर्व्हिस चार्ज म्हणून ४०० दिले तर ते मालकाचे असतात आणि वेटर त्यांची वाट पाहत असतो. 'स्टाफसाठीच आहे साहेब' हे टेबलावर सांगितलं जातं. ते खरं असूही शकतं, पण ते सिद्ध करणारा कागद ग्राहकाकडेही नसतो आणि स्टाफकडेही नसतो.

पुण्यात एका मोठ्या रेस्टॉरंटात कॅप्टन म्हणून काम करणारे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनी मला त्यांच्याकडची पद्धत समजावून सांगितली. महिन्याचा सर्व्हिस चार्ज एकत्र धरायचा, त्यातून आधी फुटतूट वजा करायची, म्हणजे फुटलेले ग्लास, प्लेटा, हरवलेले चमचे. उरलेल्या रकमेचे पॉइंट. कॅप्टनला जास्त, वेटरला त्याहून कमी, हेल्पर आणि भांडीवाल्याला सर्वांत कमी. "आमच्या पॉइंटला या महिन्याला किती बसले, तेवढं सांगायचे. एकूण जमले किती आणि फुटतूट किती धरली, ते आम्ही कधी विचारलं नाही. विचारणार कसं?" निकालानंतर तिथल्या बिलातून ती ओळ गेली. मेनूचे दर थोडे वाढले. पगारातही वाढ झाली, पण पॉइंटचे मिळायचे तेवढी नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती यूपीआयची. पूर्वी बिलाच्या फोल्डरमध्ये परतीच्या नोटा जायच्या, त्यातली पन्नासाची किंवा शंभराची तिथेच राहायची. आता ग्राहक फोन काढतो, बरोबर ४,२०० टाकतो आणि उठतो. द्यायची इच्छा असते, पण हातात नोट नसते. आणि टेबलावरचा स्कॅनर हॉटेलचा, त्यावर दिलेले वरचे पैसे गल्ल्यात जातात. वेटरने स्वतःचा क्यूआर पुढे केला तर मॅनेजर ओरडतो. म्हणजे एकीकडे सर्व्हिस चार्ज गेला, ते योग्यच होतं. आणि दुसरीकडे सुट्ट्या पैशांची टीपही आटत चालली, कुणी ठरवलेलं नसताना.

दर वाढवा, म्हणणं सोपं

न्यायालयाने सांगितलं तसं मालकांनी दर वाढवले तर काय होईल? ४,००० चं जेवण ४,४०० चं होईल, त्यावर जीएसटी २२०, एकूण पुन्हा ४,६२०. ग्राहकाच्या खिशातून तेवढेच जातील. फरक एवढाच, आणि माझ्या मते तो फार मोठा आहे, की ऑर्डर देण्याआधी त्याला ते दिसेल. परवडत नसेल तर तो शेजारच्या हॉटेलात जाईल. मालकांना नेमकी हीच धास्ती आहे. ऑनलाइन मेनूवर एकाची दाल मखनी ४०० ची आणि दुसऱ्याची ४४० ची दिसली, तर ४०० वाल्याकडे गर्दी होते, भले तो तळाशी दहा टक्के लावत असो.

न्यूयॉर्कमध्ये डॅनी मेयर या नामवंत रेस्टॉरंटमालकाने हे करून पाहिलं. २०१५ मध्ये त्याच्या युनियन स्क्वेअर हॉस्पिटॅलिटी ग्रुपने जाहीर केलं, की टीप बंद, सगळं मेनूच्या किमतीत. हेतू चांगला होता: स्वयंपाकघरातले लोक आणि टेबलावरचे वेटर यांच्या कमाईतली दरी बुजवायची. पण मेनूवरचे आकडे वाढलेले दिसले, टीपेवर चांगली कमाई करणाऱ्या वेटरांचं उत्पन्न घटलं आणि त्यांतले बरेच सोडून गेले. जुलै २०२० मध्ये त्याने टीप पुन्हा सुरू केली. एका चांगल्या हेतूच्या मालकाला बाजारात एकट्याने हे साधलं नाही. म्हणूनच सगळ्यांना एकच नियम हवा, आणि म्हणूनच मला दिल्लीचा निकाल महत्त्वाचा वाटतो. ओळ सगळ्यांचीच गेली तर प्रामाणिकपणे दर छापणाऱ्याचा तोटा होत नाही.

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे जाणाऱ्या आपल्या लोकांना तिथल्या बिलाचा धक्का बसतो, त्याचं कारण वेगळं आहे. टीप घेणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचं किमान रोख वेतन तिथल्या केंद्रीय कायद्याने तासाला २ डॉलर १३ सेंट एवढंच ठेवलं आहे, आणि ते १९९१ पासून बदललेलं नाही. टीप धरून ७ डॉलर २५ सेंट झाले नाहीत तर फरक मालकाने भरायचा. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत अशी सवलत नाही, पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. पण बऱ्याच राज्यांत वेटरचं घर टीपेवर चालतं. म्हणून तिथे टीप टाळणं म्हणजे त्याची मजुरी बुडवणं. मोठ्या टेबलाला, सहा-आठ माणसं असली की, १८ टक्के वगैरे आपोआप लावण्याची प्रथाही त्यामुळेच. तिथल्या आयकर खात्याने २०१२ च्या एका निर्णयात अशी आपोआप लावलेली रक्कम टीप नव्हे तर सर्व्हिस चार्ज, म्हणून वेतन, असं ठरवलं आणि २०१४ पासून ते काटेकोरपणे लागू केलं. तेव्हा काही मोठ्या साखळ्यांनी आपोआप आकारणीच सोडून दिली. तिथलं बिल पाहून आपल्या बिलाबद्दल निष्कर्ष काढू नयेत, कारण भारतात असं दोन पातळ्यांचं किमान वेतन नाही. टीप मिळते म्हणून वेटरला कमी पगार देण्याची मुभा आपला कायदा मालकाला देत नाही.

बिलात ती ओळ अजूनही दिसली तर करायचं एवढंच: पैसे देण्याआधी ती काढायला सांगा, शांतपणे आणि कर्मचाऱ्याशी नव्हे तर मॅनेजरशी बोला, कारण वेटरच्या हातात काही नसतं. नकार दिला तर बिलाचा आणि मेनूच्या त्या पानाचा फोटो काढा, १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हाधिकाऱ्यांकडेही तक्रार देता येते, आणि ग्राहक आयोगात ऑनलाइन जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आणि ओळ काढून घेतल्यावर सेवा आवडली असेल तर वेटरच्या हातात रोख द्या. सर्व्हिस चार्ज नाकारणं आणि वेटरला नाकारणं या दोन गोष्टी एक नाहीत, हे त्या टेबलावर त्याला दिसू दे.

पण वाटपाचा प्रश्न ग्राहकाच्या चांगुलपणाने सुटणार नाही. तिथे कायदा हवा आणि त्याचा एक नमुना ब्रिटनमध्ये आहे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून टीपेच्या वाटपाचा कायदा लागू झाला. टीप असो की मालकाने जमा केलेला सर्व्हिस चार्ज, कर सोडून एक पैसाही न कापता तो कामगारांना द्यायचा, पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत द्यायचा आणि वाटपाचं धोरण लेखी ठेवायचं. फुटतूट त्यातून वजा करता येत नाही.

महाराष्ट्राला हे परकं वाटायचं कारण नाही. कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, राज्य स्वतः कायदा करू शकतं. आणि कामगाराचे पैसे मधल्या माणसाच्या मर्जीवर न सोडता मंडळामार्फत त्याच्यापर्यंत पोचवण्याची व्यवस्था याच राज्याने १९६९ च्या माथाडी कायद्याने करून दाखवली आहे. हॉटेल कामगारांसाठी एवढं मोठं मंडळही लागणार नाही. कार्डवर, यूपीआयवर किंवा ऐच्छिक योगदान म्हणून जे जमा होतं ते किती, वजावट किती, पॉइंटचा दर काय, याचा महिन्याचा कागद स्टाफच्या खोलीत लावणं बंधनकारक केलं आणि कामगार खात्याच्या तपासणीत तो पाहिला, तरी पुष्कळ फरक पडेल.

ब्रिटनमधली तरतूद मी त्या कॅप्टनना सांगितली तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न रकमेचा नव्हता. "म्हणजे एकूण किती जमले ते पण सांगावं लागतं?" हो. मालकाला तीन वर्षांच्या नोंदी जपून ठेवाव्या लागतात, आणि कामगाराने लेखी मागणी केली की त्या जागेवर एकूण टीप किती जमली आणि त्यातली त्याला किती दिली, हे दोन्ही आकडे द्यावे लागतात.